स्थलांतरित गुंतवणूकदारांचा कौटुंबिक खर्च : कॅनडाचा अनुभव

मागील घटकात आपण गुणक ही संकल्पना अभ्यासली. एकाचा खर्च हे दुसऱ्याचे उत्पन्न असते आणि त्या उत्पन्नाचा काही भाग पुन्हा खर्च होतो, या साध्या निरीक्षणावर ती आधारलेली आहे. आर. एफ. काहन यांनी १९३१ मध्ये ती रोजगाराच्या संदर्भात मांडली, तर केन्स यांनी १९३६ च्या ग्रंथात तिला व्यापक रूप दिले. प्रस्तुत घटकात ही संकल्पना आपण एका प्रत्यक्ष प्रश्नाला लावून पाहणार आहोत. धनिक स्थलांतरिताला आपल्या भूमीवर स्थान देणारा देश नेमके काय मिळवतो? त्याचे भांडवल, की त्याच्या घराचा दरमहा होणारा खर्च?

कॅनडाने १९८६ मध्ये गुंतवणूकदारांसाठी स्थलांतर योजना सुरू केली. २०१० मध्ये तिच्यातील गुंतवणुकीची रक्कम ४ लाखांवरून ८ लाख डॉलर करण्यात आली. मात्र ‘गुंतवणूक’ हा शब्द येथे फसवा आहे. गुंतवणूकदार ही रक्कम पाच वर्षांसाठी शासनाकडे बिनव्याजी ठेवत असे आणि मुदत संपताच ती त्याला परत मिळे. अनेकांनी तर तीही वित्तसंस्थांकडून कर्जाऊ घेतली. म्हणजे देशाला मिळाला तो पाच वर्षांच्या व्याजाइतका लाभ. भांडवल आले आणि गेले. मागे राहिले ते कुटुंब, आणि त्या कुटुंबाचे घरभाडे, किराणा, शाळा, दवाखाना, मोटार यांवरील खर्च.

१ जुलै १९९७ रोजी हाँगकाँग चीनकडे सुपूर्द होणार, या जाणिवेने तेथील अनेक सधन कुटुंबांनी व्हँकूव्हर गाठले. शेजारच्या रिचमंड शहरात आशियाई बाजारपेठा आणि उपाहारगृहे उभी राहिली. परंतु पुष्कळ घरांतील कर्ता पुरुष हाँगकाँगलाच व्यवसाय करीत राहिला. पत्नी व मुले कॅनडात, आणि तो विमानाने ये-जा करणारा. अशांना ‘अंतराळवीर’ असे गमतीचे नाव पडले. कोकणातील विद्यार्थ्यांना हे चित्र परके वाटू नये. मुंबईच्या चाकरमान्याच्या पैशावर चालणाऱ्या गावाला आपण ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ म्हणतो. येथे मनीऑर्डर समुद्रापलीकडून येत होती, एवढाच फरक.

आता गुणकाकडे वळू. समजा, अशा एका कुटुंबाच्या खर्चातून स्थानिक लोकांना वर्षाला १,००,००० डॉलरचे उत्पन्न मिळाले आणि प्रत्येक फेरीत उत्पन्नाचा ४० टक्के भाग पुन्हा स्थानिक उत्पन्न बनला (हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत). मग १,००,०००, ४०,०००, १६,०००, ६,४०० अशी मालिका तयार होते आणि तिची बेरीज सुमारे १,६६,६६७ डॉलर येते. हाच भाग २० टक्के धरल्यास बेरीज १,२५,००० वर उतरते. बचत, कर आणि आयात या तीन वाटांनी होणारी गळती गुणकाचा आकार ठरवते.

विद्यार्थी सहसा चुकतात ते पहिल्या फेरीतच. कुटुंबाने परदेशी बनावटीची मोटार घेतली, तर स्थानिक उत्पन्न म्हणून विक्रेत्याचा नफा, त्याच्या नोकरांचे वेतन एवढेच धरायचे. मोटारीची पूर्ण किंमत नव्हे. घराच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे. जुने घर विकत घेणे हे नवे उत्पादन नसून मालमत्तेचे हस्तांतर होय. त्यातून दलाली, वकिलाचे शुल्क, डागडुजी एवढेच नवे उत्पन्न निर्माण होते. उलट अशा खरेदीने किमती चढल्या, तर घर नसलेल्या स्थानिकाच्या खिशातून इतर वस्तूंवरील खर्च कमी होतो. व्हँकूव्हरमध्ये घरांच्या किमतींचा प्रश्न इतका तीव्र झाला, की ब्रिटिश कोलंबिया प्रांताने ऑगस्ट २०१६ मध्ये परदेशी खरेदीदारांवर १५ टक्के कर बसवला व २०१८ मध्ये तो २० टक्के केला. किमतवाढीला इतरही कारणे होती, हे मात्र विसरू नये.

उत्पन्न परदेशात आणि खर्च येथे, अशी विभागणी झाली की विक्रीकर व मालमत्ताकर मिळतो, पण प्राप्तिकर निसटण्याची शक्यता असते. २०१४ मध्ये केंद्रीय योजना बंद करताना कॅनडा शासनाने हेच कारण पुढे केले. वीस वर्षांच्या काळात गुंतवणूकदार हा कुशल कामगारापेक्षा सुमारे २ लाख डॉलर कमी प्राप्तिकर भरतो, असा शासनाचा दावा होता. अर्थात केवळ प्राप्तिकराच्या मापाने मोजणे एकांगी आहे; कुटुंबाच्या खर्चातून दुकानदाराला मिळालेले उत्पन्न आणि त्याने भरलेला कर या हिशेबात येत नाही.

क्वेबेक प्रांताची स्वतंत्र योजना तर या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण ठरावे. गुंतवणूकदाराची रक्कम क्वेबेककडे जाई आणि तिच्या व्याजातून तेथील लहान उद्योगांना साहाय्य मिळे. पण देशांतर्गत संचाराचे स्वातंत्र्य असल्याने बहुसंख्य कुटुंबे फ्रेंचभाषी क्वेबेकमध्ये न राहता व्हँकूव्हर व टोरांटोकडे वळली. व्याज एका प्रांताला मिळाले. कौटुंबिक खर्च, आणि त्यासोबत शाळा, रुग्णालये व घरे यांवरील ताण, दुसऱ्यांच्या वाट्याला आला. क्वेबेकने २०१९ मध्ये ही योजना स्थगित केली आणि २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू करताना फ्रेंच भाषेच्या ज्ञानाची अट घातली.

स्वाध्याय : बाहेरगावच्या मिळकतीवर चालणाऱ्या, आपल्या परिचयातील एका कुटुंबाच्या मासिक खर्चाच्या मुख्य बाबी (नाव न देता) लिहा. प्रत्येक बाबीतील किती पैसा गावातच राहतो आणि किती बाहेर जातो, याचा अंदाज सकारण मांडा.