तत्त्वज्ञानाचा अभ्यास आणि आपली मुले

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये १७:१६–३४, ईयोब ४:७–८ व ४२:७, योहान ९:१–३
पाठांतरासाठी : १ थेस्सलनीकाकरांस ५:२१

दहावीचा निकाल लागला की पुढे कोणते विषय घ्यावेत ह्याची चर्चा घरोघर सुरू होते. अशा वेळी एखाद्या मुलीने "मी तत्त्वज्ञान घेते" असे म्हटले, तर ख्रिस्ती घरात दोन आक्षेप निघतात. एक पोटाचा : ह्या विषयाने नोकरी मिळेल काय? दुसरा विश्वासाचा : मुलगी नको ते प्रश्न विचारू लागेल आणि मंडळीपासून दूर जाईल. पहिल्याचा विचार घरच्यांनी करावा. दुसरा मात्र मंडळीचा आहे, म्हणून ह्या पाठात त्याचाच विचार करू.

विषयाची ओळख

महाराष्ट्र मंडळाच्या अकरावी-बारावीला कला शाखेत तत्त्वज्ञान व तर्कशास्त्र असे दोन स्वतंत्र विषय आहेत. पेडण्याला लागून असलेल्या सावंतवाडीची आणि डिचोलीला लागून असलेल्या दोडामार्गची मुले त्याच मंडळाच्या परीक्षेस बसतात. गोव्यालाही हा विषय नवा नाही. पणजीचे लिसेव १८५४ साली निघाले. पोर्तुगीज पद्धतीच्या लिसेवात शेवटच्या दोन वर्षांना तत्त्वज्ञान शिकवीत. पण शिक्षण पोर्तुगीजमधून आणि शाळा राजधानीत! पेडणे व डिचोली हे नव्या काबिजादींतले महाल. तेथे पंतोजींच्या शाळांतून मुले मराठी शिकत. लिसेवचा उंबरठा त्यांच्यापैकी थोड्यांनीच ओलांडला. १९६१ च्या मुक्तीनंतर गावोगाव शाळा निघाल्या, १९७५ साली गोव्याच्या परीक्षा मंडळाचा कायदा झाला आणि पुढे बारावीपर्यंतचे शिक्षण तालुक्यात आले. खाणीवर राबणाऱ्याच्या मुलालाही आता विचार करण्याचे शिक्षण घेता येते. हे उघडलेले दार मंडळीने भीतीपोटी लोटू नये.

१. पौल अथेनैत

पौल अथेनैच्या बाजारात रोज वाद करीत असे. एपिकूरपंथी व स्तोयिकपंथी तत्त्वज्ञान्यांची त्याच्याशी गाठ पडली. तो त्यांच्यापासून पळाला नाही. अरीयपगावर उभा राहून त्याने त्यांच्याच कवींचा आधार घेतला. त्यांपैकी एक आराटस. हा किलिकियातला, म्हणजे पौलाच्याच प्रांतातला. शेजारच्या माणसाने काय विचार केला हे पौलाला ठाऊक होते. आमच्याकडे पेडण्याजवळच्या बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये हे अठराव्या शतकातले संतकवी. विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. ज्यांच्यामध्ये आपण साक्ष देतो, ते देवाविषयी काय मानतात हे आपल्या मुलांना कळू नये काय?

पौल मात्र कवीपाशी थांबला नाही. तो पुनरुत्थानापर्यंत गेला. तेव्हा कित्येकांनी थट्टा केली, कित्येकांनी पुन्हा ऐकू म्हटले, आणि दिओनुस्य, दामारी व आणखी काहींनी विश्वास ठेवला.

कलस्सैकरांस २:८ मध्ये हाच पौल तत्त्वज्ञानाविषयी सावध करतो, असे कोणी म्हणेल. खरे आहे. परंतु तेथे त्याचा रोख पोकळ भुलथापांवर आहे. आणि पोकळ काय व भरीव काय हे ज्याला पारखता येत नाही, तोच आधी फसतो.

२. ईयोबाच्या मित्रांची चूक

अलीफजाचे बोलणे तर्कशास्त्राच्या रीतीने मांडून पाहा : जे पाप करतात ते सर्व दुःख भोगतात; ईयोब दुःख भोगत आहे; म्हणून ईयोबाने पाप केले आहे. ऐकायला पटते. आता हे पाहा : सर्व गाई चार पायांच्या असतात, शेळी चार पायांची आहे, म्हणून शेळी गाय आहे! दोन्हींची बांधणी एकच आहे. तर्कशास्त्रात ह्याला अव्याप्त मध्यपदाचा दोष म्हणतात. शिवाय अलीफजाचे पहिले विधानही खरे नाही. शेवटी देवाने त्या मित्रांना दोष दिला. जन्मांधाविषयी शिष्यांनी तसाच प्रश्न केला, तेव्हा प्रभूने तो विचारच नाकारला.

बंधुभगिनींनो, आजाऱ्याच्या खाटेजवळ, मूल नसलेल्या बहिणीच्या घरी, कर्जात बुडालेल्या भावाच्या दारी हीच चूक आपण आजही करतो. बारावीतली मुलगी ती ओळखू शकली, तर ती विश्वासापासून ढळली असे होत नाही. ती ईयोबाच्या बाजूने उभी राहिली.

३. आपल्या गावचे प्रश्न

तत्त्वज्ञानाचा एक भाग नीतिविचार. २०१२ साली डिचोलीच्या खाणी थांबल्या; २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्टे रद्द केले. ट्रकवर पोट असलेल्या घरांची चूल अडली. खाणीच्या मातीने ज्यांची शेती गेली, तेही माणसेच. पेडण्यात मोपाच्या पठारावर २०२३ च्या जानेवारीत विमाने उतरू लागली. कोणाला रोजगार मिळाला, कोणाची जमीन गेली. न्याय कशाला म्हणावे, हे आपल्या तरुणांना ठरवावे लागणारच. "प्रार्थना करा" एवढे सांगून शिक्षकाचे काम संपत नाही. संदेष्टा आमोस फाटकात न्याय स्थापण्याविषयी बोलतो (आमोस ५:१५), त्याचा अर्थ मुलांबरोबर शोधावा लागेल.

४. मर्यादा

नीलकंठशास्त्री गोरे हे मराठी घराण्यातले, काशीत वाढलेले पंडित. मिशनऱ्यांचे खंडन करावे म्हणून ते पुढे झाले आणि १८४८ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी 'षड्दर्शनदर्पण' हा दर्शनांची परीक्षा करणारा ग्रंथ लिहिला. प्रश्न विचारणारा मनुष्य प्रभूपासून दूरच जातो, हे खरे नाही.

तथापि बुद्धी तारणारी नाही. युक्तिवाद निर्दोष आहे की नाही हे तर्क सांगेल. माझे पाप कोण उचलतो हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी वधस्तंभाकडेच यावे लागते (१ करिंथ. १:१८–२५). हे मुलांना सांगावे. पण आधी त्यांचे ऐकून घ्यावे, मग सांगावे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस

मुलाच्या प्रश्नाला "असे विचारू नये" हे उत्तर देऊ नका. उत्तर येत नसेल तर "पुढच्या रविवारी मिळून पाहू" म्हणा, आणि पुढच्या रविवारी खरोखर पाहा. गप्प बसवलेले मूल वाद घालीत नाही. ते हळूच यायचे थांबते.

चर्चेसाठी प्रश्न

१. पौलाने अथेनैत कोणत्या गोष्टी मान्य केल्या व कोणत्या नाकारल्या?
२. अलीफजासारखे अनुमान आपल्या मंडळीत कोणाविषयी केले जाते?
३. सर्व गोष्टींची पारख करणे आणि सर्व गोष्टींवर संशय घेणे, ह्यांत फरक कोणता?

पूर्ण मनाने देवावर प्रीती करावी ही प्रभूची आज्ञा आहे (मत्तय २२:३७). ती पाळण्यास तो आपल्या मुलांना व आपणांलाही साहाय्य करो.