पोकळ भिंतीत पाचट भरावे काय?



उसाच्या बिलावर घर काढणारे सभासद शिवारात भेटले की आम्हाला हमखास विचारतात, "साहेब, पोकळ भिंतीत पाचट नाहीतर चिपाड ठासलं तर घर गार राहील का?" आमचे उत्तर आहे, भरू नका. कारण समजून घेऊ.

वीट आडवी न टाकता कडेवर उभी लावली की ९ इंची भिंतीत सुमारे ३ इंच पोकळी राहते. यालाच 'रॅट ट्रॅप' बांधकाम म्हणतात. केरळात लॉरी बेकर यांनी या पद्धतीने अनेक घरे बांधली. विटा सुमारे चौथा हिस्सा कमी लागतात. पोकळीत कोंडलेली हवा बाहेरची उष्णता सावकाश आत येऊ देते. म्हणजे गारव्याचे काम ती हवाच करते.

आधी भिंतीची पारख करा :

१) गिलावा नसलेल्या बाजूला विटेचा थर साडेचार इंच उंच दिसला तर भिंत पोकळ, तीन इंच दिसला तर भरीव समजा. नुसते ठोकून ठरवू नका. सुटलेला गिलावाही पोकळच वाजतो.

२) उन्हाळ्यात दिवस मावळल्यावर पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा, मग उत्तरेच्या. फरक जाणवला तर ऊन भिंतीतून येते आहे. पण वर पत्रा असेल तर पहिला इलाज छताचाच करा.

३) पावसाळ्यात आतून ओलीचे डाग पडतात का, ते बघा.

पाचट, चिपाड ओल धरते, वाळवी बोलावते, कुजून खाली बसते आणि विजेच्या तारेची ठिणगी पडली तर पेटते. एकदा भिंतीत गेलेले पुन्हा काढता येत नाही.

त्यापेक्षा बाहेरच्या भेगा, उंदरांची भोके बुजवा. पश्चिमेला पडवी किंवा वेलाचा मांडव करा. बाहेरून पांढरा चुना द्या. भरीव भिंतीलाही हे उपाय लागू पडतात. बांधकाम चालू असेल तर पोकळीत सांडलेला सिमेंटचा माल गवंड्याला रोजच्या रोज काढायला लावा. तो साचला की त्यावरूनच ओल आत शिरते. जोते, खिडकीखालचा आणि लिंटलचा थर मात्र भरीवच घ्यावा.

आणि पाचट? ते खोडव्याच्या सरीत कुजवा. जमिनीला त्याची गरज आहे, भिंतीला नाही.

— ऊस विकास अधिकारी