दोन टाक्या आणि मधला नळ

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वोबर्न गावी 1964 आणि 1967 साली ‘जी’ आणि ‘एच’ या दोन विहिरी सुरू झाल्या. पाण्याला वास येतो, चव बिघडलीय, ही पूर्व वोबर्नकरांची तक्रार जुनी. मे 1979 मध्ये तपासणी झाली तेव्हा ‘जी’ विहिरीत ट्रायक्लोरोएथिलीन निघालं, लिटरमागे 267 मायक्रोग्रॅम. यंत्रांवरचं ग्रीस धुवायचं हे द्रावक. आज तिथली मर्यादा 5 मायक्रोग्रॅम आहे.

तक्रार तरी झाली! वीस-तीस मायक्रोग्रॅमला ना रंग, ना वास.

त्याच राज्यातल्या एका लहान वसाहतीची विहीर पुढे माझ्या देखरेखीखाली आली. तिथे याच द्रावकासाठी ठेकेदाराने कोळशाची एकच टाकी बसवून दिली होती. सक्रिय कोळसा हे द्रावक उत्तम धरून ठेवतो. पण त्याची जागा भरली, की द्रावक मुकाट्याने पुढे सरकतं. दाब बदलत नाही, पाणी गढूळ होत नाही. वसाहतीला ते कळलं थेट घरच्या नळांच्या अहवालातून. तेव्हा टाक्या एकापाठोपाठ दोन हव्यात आणि मधे नमुन्याचा नळ हवाच. तिथे द्रावक दिसलं, की पहिल्या टाकीतला कोळसा बदलायचा आणि दुसरीला पहिल्या जागी आणायचं. यात काटकसर नको.

नमुना घेणं हेही कसबाचं काम. काचेची छोटी कुपी काठोकाठ, सावकाश भरायची, झाकण लावून उलटी करायची आणि बोटाने टिचकी मारायची. बुडबुडा वर धावला, तर नमुना बाद; द्रावक त्या हवेत निसटतं आणि आकडा खोटाच कमी येतो. कुपी लगेच बर्फात.

कोळशावर सगळंच सोपवू नये. जमिनीत प्राणवायू नसेल, तर ट्रायक्लोरोएथिलीनपासून व्हिनाइल क्लोराइड बनतं. त्याची मर्यादा अवघी 2 मायक्रोग्रॅम आणि कोळसा ते जेमतेमच धरतो. त्यासाठी हवेचा मनोरा: वरून पाणी, खालून पंख्याची हवा. मात्र पाण्यात लोह किंवा क्षार जास्त असले, तर मनोऱ्यातलं भरण बुजतं. म्हणून यंत्राचं दरपत्रक मागवण्याआधी लोह, क्षार आणि बाष्पनशील रसायनांची पूर्ण यादी तपासून घ्यावी. पाणी उकळणं हा उपाय नव्हे; द्रावक स्वयंपाकघराच्या हवेत येतं.

तुमच्या बोअरवेलच्या आसपास गॅरेज, ड्रायक्लीनिंगचं दुकान किंवा धातुकामाचा कारखाना असेल, तर नेहमीच्या जंतुतपासणीवर थांबू नका. प्रयोगशाळेकडे बाष्पनशील सेंद्रिय रसायनांची चाचणी नाव घेऊन मागा.