हृदयाचे आरोग्य आणि आपला लसूण



पूर्वहंगामी लागणीच्या पाहणीसाठी डोंगरकडा भागात फिरत असता एका सभासदांनी आम्हास बांधावरच विचारले, "साहेब, सकाळी दोन पाकळ्या लसूण खातो. आता बीपीची गोळी सोडली तर चालंल का?" प्रश्न एकाचा असला तरी तो अनेकांच्या मनात आहे. म्हणून हा लेख.

लसणाच्या पाकळीत ॲलीन हा पदार्थ आणि त्यावर काम करणारे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली की दोन्ही एकत्र येतात व ॲलिसिन तयार होते. ठेचलेल्या लसणाचा उग्र वास येतो तो त्याचाच. हे द्रव्य १९४४ साली अमेरिकेत वेगळे करण्यात आले. अख्खी पाकळी गरम तेलात टाकली तर विकर निकामी होते. तोडलेला ऊस थांबला की उतारा घटतो. लसणाचे उलट आहे. ठेचून दहा मिनिटे थांबावे, मगच फोडणीला टाकावा.

आता फायदा किती? रक्तदाब वाढलेल्या माणसांत लसणाच्या भुकटीने वा अर्काने तो थोडा उतरल्याचे अनेक चाचण्यांत दिसले आहे. पण अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९२ जणांवर सहा महिने केलेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कच्च्या लसणानेही वाईट कोलेस्टेरॉल कमी झाले नाही. म्हणजे लसूण हा चांगला आहार आहे, औषधाचा बदली गडी नव्हे.

वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, म्हणून गोळी बंद केली तरी काही बिघडले नाही असे वाटते. आणि एके दिवशी माणूस फडातच अंग लुळे पडून कोसळतो. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नये.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) लसणाने रक्त थोडे पातळ होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर लसूण खात असल्याचे डॉक्टरांना सांगावे.

२) लसणाच्या चटणीत मीठ हात राखून घालावे. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत असावे. मीठ जास्त झाले तर लसणाने कमावलेले मिठाने जाते.

३) तंबाखू व बिडी सोडल्याशिवाय हृदयाचे रक्षण होणार नाही.

पूर्वहंगामी उसात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लसणाचे आंतरपीक चांगले येते. घरापुरत्या दोन सऱ्या जरूर लावा. त्या सभासदांना आम्ही बांधावर हेच सांगितले : लसूण चालू ठेवा, गोळीही चालू ठेवा.