दुखणं परतलं, तरी इंजेक्शन यशस्वी कसं?

प्रश्न : आईच्या कमरेत धुळ्याला सी-आर्म एक्स-रेवर बघून इंजेक्शनं दिली. दुपारी तिला एकदम बरं वाटलं, रात्री दुखणं होतं तसं परत आलं. फाईलवर मात्र 'पॉझिटिव्ह' लिहिलंय आणि तासातासाला दुखण्याचा आकडा भरायचा कागद हातात दिलाय. गुण आलाच नाही, तर हे कसलं यश?
— एक वाचक, साक्री

उत्तर : पैसे मोजून सुया टोचून घ्याव्यात आणि झोपायच्या वेळी कंबर पुन्हा ठणकावी, म्हणजे फसल्यासारखं वाटणारच. पण तुमच्या वर्णनावरून ही सुई दुखणं घालवायला दिलेली दिसत नाही. दुखणं नेमकं कुठून येतंय, ते शोधायला दिलेली आहे.

कमरेच्या मणक्यांना मागच्या बाजूला, डावी-उजवीकडे, लहान सांधे असतात. वयानुसार तेही गुडघ्यासारखे झिजतात. मात्र एमआरआयमध्ये झीज दिसली म्हणून दुखणं तिथलंच, असं ठरत नाही. कंबर कधीच न दुखलेल्या माणसांमध्येही ती दिसते. म्हणून डॉक्टर त्या सांध्याची संवेदना नेणाऱ्या बारीक नसांजवळ जेमतेम अर्धा मिली बधिरीचं औषध सोडतात. प्रत्येक सांध्याला अशा दोन नसा, म्हणून एका सांध्यासाठी सुया दोन. औषध जास्त झालं तर ते आजूबाजूला पसरतं आणि निदान फसतं. ही औषधं काही तासच टिकतात: लिग्नोकेन तास-दोन तास, बुपिवाकेन त्याहून अधिक. तेवढ्या वेळात दुखणं बरंचसं थांबलं, तर मूळ सापडलं. रात्री ते परतणं अपेक्षितच होतं.

आता तो कागद. खरा घोळ इथेच होतो. धुळ्याहून एसटीने साक्रीला पोचेपर्यंत औषधाचा बराच अंमल संपतो. आई गाडीत झोपली आणि घरी येऊन पडून राहिली, तर कागदावर लिहिणार काय? पुन्हा अशी सुई दिली, तर डॉक्टरांची मनाई नसल्यास त्या वेळात तिला नेमकं दुखणारंच काम करू द्या: वाकून बादली उचलणं, भाकरी करायला खाली बसणं, उठणं. ० ते १० मधला आकडा तिला सुचत नसेल, तर 'कंबर दुखस, पण सकाळपेक्षा निम्मं' असं तिच्याच बोलीत लिहा. डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून आकडा कमी करू नका. याच नोंदीवरून पुढे सुईच्या टोकाने साधारण ८० अंशांपर्यंत तापवून ती नस बंद करायची की नाही, हे ठरतं. चुकीच्या नोंदीवर चुकीची नस बंद झाली, तर आईचं दुखणं तसंच राहील.

नस जाळली की पाय लुळा पडतो, ही भीती गावोगाव ऐकू येते. या बारीक शाखा पायाकडे जात नाहीत. शिवाय तापवण्याआधी सौम्य विजेने पाय हलत नाही ना, हे तपासतात. पुढे काही महिन्यांनी नस पुन्हा वाढते, त्यामुळे आराम कायमचा नसतो. शेजारच्या कुणाला 'नस दबली' म्हणून स्टिरॉइडचं इंजेक्शन मिळालं असेल, तर तो उपचार निराळा. त्याचा गुण यायला काही दिवस लागतात आणि मधुमेह असेल तर साखर काही दिवस वाढते.

फाईलवर तारीख, बाजू, कोणता मणका, औषध, मात्रा, बॅच नंबर आणि सुईआधीचं-नंतरचं दुखणं, हे सगळं हवं. बॅच नंबर फालतू वाटतो. पण २०१२ साली अमेरिकेत बुरशी शिरलेलं स्टिरॉइड पाठीत टोचलं गेलं, ७५० च्या वर माणसं आजारी पडली, ६० हून अधिक दगावली. कोणती बॅच कुणाला दिली याच्या नोंदी होत्या, म्हणून सुमारे १४,००० जणांना शोधून सावध करता आलं.

भरती असलेल्या रुग्णाचे कागद ३ वर्षं जपणं आणि मागितल्यावर ७२ तासांत देणं, हे २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनी डॉक्टरांवर बंधनकारक केलं आहे. तेव्हा संकोच न करता फाईलची प्रत मागा आणि पुढच्या तपासणीला भरलेला कागद सोबत न्या. मधल्या काळात ताप आला, पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर तारखेची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.