अवजाराची मूठ आणि हाताचे आरोग्य

(ग्रामपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी यांच्यासाठी पाठ)

तळेगाव (श्यामजी पंत) हे वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील, नागपूर–अमरावती राष्ट्रीय महामार्गावरील गाव. या भागातील शेती मुख्यत्वे कपाशी, सोयाबीन, तूर आणि संत्रा यांवर उभी आहे. ट्रॅक्टर आले, मळणीयंत्रे आली, तरी अद्याप पुष्कळसे काम माणसाच्या हातानेच होते. पावसाळ्यात निंदण आणि डवरण, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी, वेचा संपल्यावर पऱ्हाटी काढणे, संत्र्याच्या बागेत आळी करणे व सल काढणे, अशी वर्षभर हाताला उसंत नसते.

अवजार विकत घेताना शेतकरी पात्याची परीक्षा कसोशीने करतो. पोलाद चांगले आहे काय, धार टिकेल काय, हे तो नखावर वाजवून पाहतो. मुठीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक पाते जमिनीला लागते, मूठ माणसाला लागते. पाते बोथट झाले तर कानशीने धार लावता येते. हात बिघडला तर काम बंद पडते, आणि ज्या घरात रोजच्या मजुरीवर चूल पेटते त्या घराला आठ दिवसांची दुखापत फार जड जाते. म्हणून मुठीचा विचार हा चैनीचा नसून शेतीच्या खर्चवेचाचाच भाग आहे.

हाताची रचना

मूठ आवळणारे मुख्य स्नायू पंजात नसतात. ते कोपर आणि मनगट यांमधील भागात असतात. त्यांच्या दोऱ्यांसारख्या शिरा, ज्यांना वैद्यकात कंडरा म्हणतात, मनगटाच्या अरुंद बोगद्यातून बोटांपर्यंत जातात. त्याच बोगद्यातून अंगठा व पहिली बोटे यांना संवेदना देणारी एक नसही जाते. मनगट सरळ असेल तर कंडरा सुरळीत सरकतात. मनगट वाकलेले असताना त्या कडेवर घासतात, नसेवर दाब येतो आणि पकडीचे बळही घटते. एखादी वस्तू मनगट सरळ ठेवून आवळावी व नंतर मनगट आत वाकवून आवळावी. फरक कोणालाही तत्काळ कळतो.

दुसरी गोष्ट अशी की, मूठ आवळताना मनगट स्थिर राहावे म्हणून हाताच्या पाठीकडील स्नायूंनाही ताण घ्यावा लागतो. हे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात. दिवसभर अवजार गच्च आवळून धरले तर त्या जोडावर पुन:पुन्हा ताण पडून तेथे दुखू लागते. पुढे पाण्याचा तांब्या उचलणेही जिवावर येते.

टेनिसच्या रॅकेटचा दाखला

या दुखण्याला इंग्रजी वैद्यकात टेनिसचे कोपर म्हणतात. लॉन टेनिस खेळणाऱ्यांच्या संदर्भात ते १८८३ च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आणि ते नाव चिकटले. परंतु ज्यांना हे दुखणे होते त्यांच्यापैकी बहुतेकांनी कधी रॅकेट हातात धरलेली नसते. सुतार, गवंडी, लाकूडतोडे, शेतमजूर यांनाही ते होते. कारण खेळ आणि काम हा भेद हाताला कळत नाही. त्याला केवळ ताण कळतो.

खेळाडूंनी मात्र आपल्या मुठीचा बारकाईने विचार केला आहे, आणि तो शेतकऱ्याच्या उपयोगी पडण्याजोगा आहे. रॅकेटची मूठ एकाच मापाची नसते. हाताच्या मानाने तिचा घेर सुमारे १० ते १२ सेंटिमीटर या दरम्यान निवडतात. ती वाटोळी नसून अष्टकोनी असते. त्यामुळे रॅकेट हातात फिरत नाही आणि न पाहताही तिचे तोंड कोणत्या बाजूला आहे हे बोटांना समजते. मुठीचे शेवट थोडे फुगीर असते, म्हणून ती निसटू नये यासाठी खेळाडूला जादा आवळावे लागत नाही. घाम शोषण्यासाठी तिच्यावर पट्टी गुंडाळलेली असते आणि ती झिजली की बदलतात.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रॅकेटच्या मुठीचा घेर पाव इंचाने कमी-अधिक करून पाहिला असता निरोगी खेळाडूंच्या हाताच्या स्नायूंच्या कामात लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून असा बोध घ्यावा की, केसभर मापासाठी अडून बसण्याचे कारण नाही. परंतु जी मूठ उघडच बारीक, आखूड, खरबरीत किंवा ढिली आहे, ती बदललीच पाहिजे. तसेच केवळ मूठ सुधारल्याने सर्व दुखणी टळत नाहीत. धार, कामाची पद्धत आणि विश्रांती यांचाही त्यात वाटा असतो.

चांगल्या मुठीची पाच लक्षणे

१. जाडी : मूठ फार बारीक असेल तर बोटे तळहातात रुततात आणि जादा जोर लावावा लागतो. फार जाड असेल तर बोटे पुरेशी वळत नाहीत व पकड सुटते. हाताच्या अवजारांना ३० ते ४० मिलिमीटर व्यास, म्हणजे सुमारे साडेनऊ ते साडेबारा सेंटिमीटर घेर, योग्य समजला जातो. लहान हाताला यातील लहान माप घ्यावे.

२. लांबी : विळा व खुरपे यांची मूठ पंजाच्या रुंदीपेक्षा थोडी लांब, सुमारे १२ सेंटिमीटर असावी. आखूड मुठीचे शेवट तळहाताच्या मध्यभागी टोचते. तेथे कातडीखाली नसा व रक्तवाहिन्या असल्याने बोटांना मुंग्या येतात.

३. आकार : अगदी वाटोळा दांडा हातात फिरतो. ज्या अवजाराचे तोंड एका ठरावीक दिशेला राहणे जरूर आहे, उदाहरणार्थ कुऱ्हाड किंवा विळा, त्याची मूठ लंबगोल असावी. बाजारात बोटांसाठी खाचा पाडलेल्या मुठी मिळतात. त्या दिसावयास सोयीच्या वाटतात; पण ज्याच्या बोटांशी खाचा जुळत नाहीत त्याच्या बोटांत त्यांच्या कडा रुततात. अशा मुठींपेक्षा साधी मूठ बरी.

४. शेवट : मुठीचे टोक किंचित फुगीर असावे, म्हणजे ओढताना हात निसटत नाही. विळ्याच्या मुठीला पात्याच्या बाजूनेही थोडा उंचवटा असावा, म्हणजे बोटे धारेकडे घसरत नाहीत.

५. पृष्ठभाग : मूठ गुळगुळीत असावी, पण निसरडी नसावी. जाड रोगण दिलेली मूठ घामाने निसटते. फुसके निघालेली मूठ कातडी फाडते. चिंधी गुंडाळण्याची रीत सर्वत्र आहे. परंतु चिंधी घाम, चिखल आणि फवारणीची औषधे शोषून घेते. फवारणीच्या पंपाच्या दांड्याला तर चिंधी कधीच गुंडाळू नये.

अवजारवार विचार

विळा व खुरपे : ही अवजारे बहुतांशी स्त्रियांच्या हाती असतात, आणि ती पुष्कळदा पुरुषांच्या हाताच्या अंदाजाने घडविलेली असतात. भारतीय शेतमजुरांच्या शरीराची मापे देशाच्या निरनिराळ्या भागांत घेऊन ती २००९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. भोपाळ येथील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने या कामात पुढाकार घेतला. स्त्रियांच्या पंजाचे माप व पकडीचे बळ पुरुषांपेक्षा सरासरीने कमी असते. म्हणून एकाच मापाची मूठ दोघांनाही सारखी सोयीची होऊ शकत नाही. निंदणाला येणारी बाई बहुधा स्वत:चेच खुरपे आणते. तेव्हा ती मूठ तिच्याच हाताची असावी, हे पाहणे कठीण नाही.

सोयाबीनचे खोड वाळल्यावर कठीण होते. बोथट विळ्याने ते ओढून तोडावे लागते, मनगटाला हिसका बसतो आणि विळा घसरून डाव्या हाताच्या बोटांवर येतो. म्हणून सोंगणीपूर्वी धार लावून घ्यावी. दातेरी विळ्याला वरचेवर धार लावावी लागत नाही.

कुऱ्हाड : दांडा लंबगोल, शेवटी किंचित फुगीर, आणि लाकडाचे तंतू दांड्याच्या लांबीला समांतर असलेला असावा. तंतू आडवे गेलेला दांडा घावासरशी मोडतो. नेढ्यातील दांडा ढिला झाल्यास पाते उडून जवळच्या माणसाला लागते. ढिल्या दांड्यात खिळा ठोकून वेळ मारून नेऊ नये. खिळ्याने लाकूड फाटते. कोरडी लाकडी पाचर नीट बसवावी.

कुदळ व फावडे : यांचा दांडा आखूड असला तर काम करणाऱ्याला कमरेत फार वाकावे लागते. उंच माणसाने लांब दांडा घ्यावा. आळी करताना दोन्ही हात एकाच जागी आवळून न धरता एक हात दांड्यावर सरकता ठेवावा. हिसका कमी बसतो.

डवरा : रुमणे धरताना हात कोपरापेक्षा थोडा खाली आणि मनगट सरळ राहील अशी उंची ठेवावी. रुमण्यावर अंगाचा भार टाकून चालावे लागत असेल तर दोष मुठीचा नसून पासेच्या धारेचा किंवा जोडणीचा असतो, हे ध्यानात घ्यावे.

छाटणीची कात्री : संत्र्याची सल काढताना सिकेटरने अंगठ्याएवढ्या जाड फांद्या तोडण्याचा आग्रह धरू नये. जाड फांदीला करवत वापरावी. कात्रीचे दोन्ही दांडे उघडल्यावर ते एका हाताच्या पकडीत आले पाहिजेत. स्प्रिंग फार ताठ असेल तर दर वेळी व्यर्थ बळ खर्ची पडते.

लाकूड आणि घडण

विदर्भात दांड्यांसाठी बाभूळ, तिवस, धावडा व धामण ही लाकडे उपयोगात आहेत. धावडा व धामण चिवट असून हिसका सोसतात. लाकूड सावलीत पुरते वाळवून मगच दांडा घडवावा. ओला दांडा नेढ्यात आकसतो व ढिला पडतो. वाकसाने आकार दिल्यावर काचेच्या तुकड्याने खरवडून, कागदाने घासून कडा मोडाव्यात. त्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, मुरू द्यावा आणि वरचे तेल पुसून काढावे. जवसाचे तेल वाळून लाकडात मुरते व पृष्ठभाग निसरडा होत नाही. तेलाची चिंधी ढिगात टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवावी. विळ्याच्या मुठीला तोंडाशी लोखंडी शेंबी बसवावी, म्हणजे लाकूड चिरत नाही.

गावात सुतार व लोहार असेल तर हे काम गावातच होते. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य वर्ध्याच्या मगनवाडीतून चाले, आणि तेथेच १९३८ साली मगन संग्रहालय उघडले गेले. गावची साधने गावात सुधारावीत हा विचार या जिल्ह्याला नवा नाही.

ग्रामसभेत करावयाचे प्रात्यक्षिक

साहित्य : सुतळी, मोजपट्टी, गावातील वापरातली दहा-बारा अवजारे.

(१) प्रत्येकाने आपले अवजार कामाच्या पद्धतीने धरावे. बोटांची टोके आणि तळहात यांच्या मध्ये दुसऱ्या हाताचे एक बोट जेमतेम मावत असेल तर जाडी ठीक समजावी. बोटे तळहातात रुतत असतील तर मूठ बारीक आहे. दोन बोटांची जागा राहत असेल तर जाड आहे. टेनिसचे खेळाडू हीच परीक्षा करतात.

(२) सुतळीने घेर मोजून फळ्यावर लिहावा. पुरुष व स्त्रिया यांच्या अवजारांची मापे वेगळ्या रकान्यांत मांडावीत.

(३) मुठीचे शेवट तळहाताच्या बाहेर येते काय, ते पाहावे.

(४) तळहातावरील घट्टे व फोड कोठे आहेत ते पाहावे. बोटांच्या मुळाशी घट्टे असणे स्वाभाविक आहे. तळहाताच्या मध्यभागी किंवा अंगठ्याच्या बेचक्यात फोड असतील तर मुठीत दोष असण्याचा संभव आहे.

(५) सदोष मुठींची यादी करून हंगामापूर्वी सुताराकडे एकाच वेळी द्याव्यात.

इजा झाल्यास

फोड फोडू नये. फुटल्यास साबण व स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ कापड बांधावे. जखमेवर माती, शेण, चुना किंवा तंबाखू लावू नये. शेतातील जखमेतून धनुर्वाताचा धोका असतो. लस वेळेवर घेतली आहे काय हे आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे. कोपराच्या बाहेरच्या बाजूस दुखत असेल तर काही दिवस आवळण्याचे काम कमी करावे आणि हात बदलून काम करावे. रात्री अंगठा व पहिली बोटे बधिर होत असतील, वस्तू हातातून गळत असतील किंवा दुखणे टिकून राहत असेल, तर मालिशीवर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवावे.

उपसंहार

घट्टे हे कष्टाचे भूषण मानले जाते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु बधिर झालेली बोटे, कापलेले हात आणि रात्रीची झोपमोड ही कष्टाची नव्हे, सदोष साधनाची खूण आहे. एक मूठ बदलण्यास लाकडाचा तुकडा आणि सुताराची घटकाभर मेहनत पुरते. येत्या निंदणापूर्वी प्रत्येक घराने आपल्या खुरप्यांच्या मुठी एकदा तपासाव्यात, आणि ज्या हातात ते खुरपे राहावयाचे आहे त्याच हाताला विचारून त्या बदलाव्यात.

उजळणीचे प्रश्न

१. मनगट वाकलेले असताना पकडीचे बळ का घटते?
२. लंबगोल मूठ वाटोळ्या मुठीपेक्षा कोणत्या अवजारांना अधिक योग्य, व का?
३. स्त्रियांच्या खुरप्याची मूठ निवडताना कोणती मापे पाहावीत?
४. आपल्या गावातील कोणत्या अवजाराने सर्वांत जास्त इजा होतात? त्याची मूठ, धार व वापरण्याची रीत यांपैकी दोष कशात आहे?