ध्रुवाचे पुढारपण

दिंडीचा पुढारी कसा असावा, असे वारकरी मंडळी आम्हांस पुष्कळदा विचारतात. पुढारपणावरून गावोगावी दिंड्या फुटतात, म्हणून प्रश्न लहान नव्हे. त्याचे उत्तर मुक्कामाच्या अंगणातून उत्तरेस पाहिले म्हणजे सापडते. ते उत्तर म्हणजे ध्रुव.

आपल्या वाशीमचे आकाशाशी नाते जुने आहे. ७ व्या शतकातील ज्योतिर्विद पहिले भास्कराचार्य यांनी 'महाभास्करीय' ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेषेवरील स्थाने सांगितली. त्यांत अवंतीबरोबर वात्स्यगुल्माचे नाव आहे. वत्सगुल्म म्हणजेच आपले वाशीम. आपले गाव या रेषेच्या पूर्वेस किती, पश्चिमेस किती, हे पाहून गणिती ग्रहगणितास संस्कार देत.

पूर्व-पश्चिमेस ही रेषा, तसा उत्तर-दक्षिणेस ध्रुव. गावाचे अक्षांश जितके, तितकाच ध्रुव क्षितिजावर उंच. वाशीम सुमारे २० अंशांवर. हात लांब करून क्षितिजावर मुठीवर मूठ धरावी. एक मूठ अदमासे १० अंशांची. दुसऱ्या मुठीच्या माथ्याशी ध्रुव दिसतो. पंढरपूर १७ अंश ४० कलांवर. शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी मेडशी, शिरपूर, रिसोड अशी आपल्या जिल्ह्यातून पंढरीस जाते. एवढ्या वाटेत ध्रुव सुमारे ३ अंश खाली येतो. पाहा मंडळी, पंढरी जवळ येते तसतसा वाट दाखविणारा खाली वाकतो!

दुसरे लक्षण. व्याध, अगस्त्य, अभिजित हे ध्रुवाहून कितीतरी तेजस्वी. पण समुद्रावरच्या तांडेलाने रात्री भरवसा ठेवला तो ध्रुवावर. का? तो जागा सोडीत नाही म्हणून. चमकणारा पुष्कळांना दिसतो, जागेवर राहणारा कामास येतो.

तिसरे. ध्रुव एकट्याने ओळखू येत नाही. आषाढात सप्तर्षींतील पुलह आणि क्रतू त्याच्याकडे बोट दाखवितात. कार्तिकात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली, तेव्हा शर्मिष्ठा खूण सांगते. पुढाऱ्याची साक्ष सोबत्यांनी द्यावी, त्याने स्वतः नव्हे.

चौथे कठीण आहे. आजचा ध्रुवतारा कायमचा नाही. पृथ्वीचा आस सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेतो. आणखी १२,००० वर्षांनी अभिजित त्या जागेजवळ येईल. स्थान राहते, तारा बदलतो. दिंडीत वीणा खाली ठेवायची नसते, वीणेकरी मात्र बदलतो. "वीणा माझी" म्हणणाऱ्याने हे ध्यानी धरावे.

भागवताच्या चौथ्या स्कंधात ध्रुवबाळ पद मागावयास वनात गेला. देव भेटल्यावर त्याला पस्तावा झाला, की देव समोर असता आपण पद काय मागितले! पद मिळाले, पण पदाचा हव्यास गेला.

आणि शेवटचे. ध्रुव पाहून लोक चालतात, ध्रुवाकडे कोणी चालत नाही. पंढरीच्या वाटेवर तर तो आपल्या पाठीशी असतो. ज्या पुढाऱ्याभोवतीच माणसे थांबली, त्याने वाट अडविली. ज्याच्या आधाराने ती विठ्ठलापाशी पोचली, तोच खरा पुढारी. आषाढात ढग येतात, ध्रुव दिसत नाही. म्हणून उघड्या रात्री दिशा ओळखून ठेवावी. रामकृष्णहरि.